कोकणातली भूमिका

टेम्पोच्या टपावर चढून मी दोन पक्षांचे झेंडे एकाच बांबूला बांधत होतो, तेव्हा वनिताचा फोन आला.

"दिगूदादा, मामंजी गेले."

खाली ढोलवाले हात साफ करून घेत होते. मला नीट ऐकू येईना. एक कान बोटाने दाबून मी विचारलं, "कधी?"

"पहाटे. चहा दे म्हणाले. चहा घेऊन आले तर..." ती थांबली. आवाज रडका नव्हता. रडायला सवड न मिळालेल्या माणसाचा होता. "दादा, महेंद्र पुढे मडकं धरंल. पण खांदा द्यायला माणसं कुठून आणू? वाडीत सगळी दारं बंद हायत. समोरची मावशी खिडकीतून बघते नि पडदा ओढून घेते."

"मी बघतो," म्हटलं आणि टपावरच बसून राहिलो.

पाचेरण्याच्या जानू भुवडांचं घर दोन वर्षं वाळीत होतं. गावच्या दुकानात त्यांना काडेपेटी मिळत नव्हती. गिरणीवाला त्यांचं दळण घेत नव्हता. गणपतीत त्यांच्या दारी आरतीला कुणी फिरकत नव्हतं, आणि त्यांच्याशी बोलताना जो सापडेल त्याला गावकी दंड लावत होती. महेंद्र, म्हणजे जानूकाकांचा मुलगा आणि वनिताचा नवरा, रिक्षा चालवायचा. गावातलं कुणी त्याच्या रिक्षात बसेना, म्हणून तो रोज तालुक्याला येऊन आमच्या स्टँडवर नंबर लावायचा. हे असं का झालं, त्यांचा गुन्हा काय, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी ते कुणालाच आठवायचं नव्हतं.

कारण तो दिवस युतीचा होता. आमचा लोकमोर्चा आणि समोरचा विकास दल. वीस वर्षं एकमेकांची पोस्टरं फाडणारे हे दोन पक्ष मुंबईतल्या कुठल्याशा बंगल्यावर एकत्र जेवले होते आणि आता विधानसभेला हातात हात घालून उतरणार होते. दुपारी हायस्कूलच्या मैदानावर संयुक्त सभा. विकास दलाचे मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार आणि आमचे जिल्हाध्यक्ष आप्पा शिगवण यांचं तिकीट जाहीर करणार. मी लोकमोर्चाचा तालुकाध्यक्ष. रिक्षा संघटनेतून वर आलेला, त्यामुळे गाड्या आणि माणसं भरणं हे माझ्याकडे.

आणि विकास दलाचा तालुकाध्यक्ष होता अनंतशेठ घाग. राहणार पाचेरणे. गावकीत पंच पाच असले तरी शब्द अनंतशेठचा.

मी टपावरून उतरलो आणि आप्पांच्या घरी गेलो.

आप्पा आरशासमोर उभे होते. अंगात नवा कोरा सदरा होता. या माणसाला मी आयुष्यभर विटक्या खादीत पाहिलेलं. खाडीवरच्या पुलासाठी उपोषणाला बसलेले, खाणवाल्यांच्या गाड्यांसमोर आडवे पडलेले, प्रत्येक निवडणुकीत पडलेले आप्पा. मला भाषण करायला त्यांनी शिकवलं. "आधी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीकडे बघ. तिला कळलं की सगळ्यांना कळलं," असं सांगायचे. त्यांचं वय झालं होतं. ही शेवटची संधी होती, आणि पहिल्यांदाच निवडून येण्यासारखी होती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"वाईट झालं. जानू भला माणूस," ते म्हणाले. "संध्याकाळी जाऊ आपण. मी स्वतः येतो."

"आप्पा, पहाटे गेलेत. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत ठेवायचं?"

"बर्फ पाठव. मी पोलीस ठाण्यात बोलतो, दोन शिपाई देतील."

"ठाण्यात मी बोललो. सगळा बंदोबस्त सभेला लागलाय. सभा सुटल्यावर बघू म्हणाले."

"मग झालं तर. तेही तेच म्हणतायत."

"आप्पा, बर्फाने थंड करायची वस्तू नाही ती."

ते वळले. चिडतील असं वाटलं होतं, पण आवाज उलट खाली आला. "दिगू, मी नको म्हणत नाही. आज नको म्हणतोय. अनंतशेठ आज माझ्या शेजारी बसणार. त्याच्या गावात आज तू माणसं घेऊन घुसलास तर व्यासपीठावर काय होईल? ज्या तिकिटासाठी तुम्ही पोरं वीस वर्षं राबलात ते हातातून जाईल. आमदार झालो की पहिलं काम हेच करीन. गावकीचा हा सगळा तमाशा मोडून काढीन."

"अनंतशेठच्या मतांवर आमदार होऊन?"

मला थांबायला हवं होतं, पण जीभ थांबली नाही. "आप्पा, वनिताला ग्रामपंचायतीला उभं कुणी केलं?"

हाच तो गुन्हा. पाचेरण्याची ग्रामपंचायत पिढ्यान्पिढ्या बिनविरोध व्हायची. गावकी देवळात बसून नावं ठरवायची आणि ती नावं म्हणजेच पंचायत. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की हे मोडायचं. आप्पा पाचेरण्याला गेले, भुवडांच्या ओटीवर बसले, बारावी शिकलेल्या वनिताला म्हणाले, "बाळ, तू फॉर्म भर, लोकमोर्चा तुझ्या पाठीशी आहे." सासरा म्हणाला, "भर गो, मी हाय." तिने भरला. गावकीने 'काढून घे' म्हणून निरोप पाठवला. तिने काढला नाही. ती पडली, आणि दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवून त्या घराला वाळीत टाकलं. आम्ही निवेदनं दिली, मोर्चा काढला, बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा आला होता त्याखाली तक्रारही केली. मग युतीची बोलणी सुरू झाली आणि आमचा पाठपुरावा मंदावत गेला.

आप्पा आरशाकडे तोंड करून म्हणाले, "गाड्या वेळेवर आण."

मी "बरं" म्हटलं नाही. पायऱ्या उतरलो.

आमचे टेम्पो निघाले. पुढचा उस्मान परकारचा, त्यात मी. उस्मानभाईचा टेम्पो मासळीचा, पण निवडणुकीत तो धुऊन पक्षाला द्यायचा. मागे बाया-बाप्ये, त्यांच्यात मथुराकाकी गोणबरे. आमच्या महिला आघाडीच्या त्या प्रमुख. दारूच्या भट्ट्या फोडताना यांचा आवाज शिट्टीसारखा चालायचा.

तिठ्यावर उजवीकडचा रस्ता मैदानाला जातो, डावीकडचा खाली पाचेरण्याला. मी उस्मानभाईला म्हटलं, "थांबव."

"सिगारेट?"

"नाही. थांबव."

मी खाली उतरलो आणि मागच्या फळीवर चढलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण मी तिथे केलं. म्हटलं, "पाचेरण्याचे जानूकाका भुवड गेले. खांदा द्यायला माणूस नाही. मी तिकडे चाललोय. हा पक्षाचा आदेश नाही. आदेश उजवीकडचा आहे. ज्यांना सभेला जायचंय त्यांनी उतरा, मागचा टेम्पो नेईल. राग नाही."

एक जण उतरला. त्याच्या मागे आणखी काही. जाताना माझ्या नजरेला नजर दिली नाही कुणी. मागच्या टेम्पोतल्याही बऱ्याच जणांनी सभेचा रस्ता धरला. त्यांना दोष द्यायला मी तेव्हाही तयार नव्हतो. काहींची पोरं अनंतशेठच्या खडी क्रशरवर कामाला होती.

मथुराकाकी हलल्या नाहीत. "मला उतरवायला क्रेन लागंल," म्हणाल्या. "पण दिगू, आप्पांना विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"आज नको."

काकींनी पदर खोचला. "मेलेला माणूस काय पंचांग बघून मरतो? चल."

उस्मानभाईने टेम्पो डावीकडे वळवला. वाटेत वखारीवर थांबून आम्ही आंब्याची लाकडं भरली. गाव सरपण देणार नाही हे उघडच होतं. लाकडं रचताना उस्मानभाई म्हणाला, "दिगूभाऊ, मी आलो तर चालेल ना? नाहीतर म्हणतील, मुसलमान कशाला आणला."

"ते वनिताला विचारू."

वनिता दारातच उभी होती. तिने उस्मानभाईला पाहिलं, विचारायची वेळच आली नाही. "या चाचा," म्हणाली, "आतून खाट धरायला लागंल."

आत पार्वतीकाकू नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. महेंद्र आंघोळ करून ओल्या पंचाने उभा. तिरडीला बांबू हवेत, तर बांबू तोडायला गावच्या बेटात पाऊल टाकायची सोय नव्हती. माझं लक्ष टेम्पोकडे गेलं. मी झेंडे सोडवले, घडी करून सीटखाली ठेवले आणि बांबू काढून दिले. आमच्यातल्या जाणत्यांनी कामट्या फाडल्या, सुतळीने तिरडी बांधली. मथुराकाकी पार्वतीकाकूंना धरून बसल्या. त्या घरात दोन वर्षांनी परक्या माणसांचा आवाज घुमत होता, आणि पार्वतीकाकू मध्येच डोळे पुसून म्हणाल्या, "वनिता, चहा तरी टाक गो. इतकी माणसं आलीत." मग स्वतःच्या लक्षात आलं तशा हुंदका देऊन गप्प झाल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही.

आम्ही उचललं. पुढे मडकं धरून महेंद्र. पहिल्या खांद्याला मी, पलीकडे उस्मानभाई, मागे आमचे दोघे.

पाचेरण्याची वाट देवळावरून जाते. दोन्ही बाजूंची दारं बंद. पण माणसं आत होती, ती कळत होती. एका घरात रेडिओ चालू होता, आम्ही जवळ आलो तसा तो बंद झाला. एका ओटीवर सुपात तांदूळ अर्धे निवडून टाकलेले. निवडणारी आत पळालेली.

स्मशान समुद्राच्या अंगाला. देवळाच्या पुढे वाट वळते तिथे धोंडू घाग उभा होता. अनंतशेठचा धाकटा भाऊ. पाठीमागे दहा-बारा जण. हातात काही नव्हतं, पण उभे असे होते की वाट उरत नव्हती.

"स्मशान गावचं हाय," धोंडू म्हणाला. "यांनी गावाशी नातं तोडलंय. न्यायचं तर तालुक्याला न्या. तिकडं नगरपंचायतीचं हाय."

खांद्यावर वजन असताना भांडता येत नाही. आवाज चढवला की तिरडी हलते. म्हणून मी हळूच म्हटलं, "नातं यांनी नाही तोडलं, धोंडूशेठ. तुम्ही नारळ ठेवून तोडलंत. बाजूला व्हा."

"पंचांना विचारल्याशिवाय नाय."

"मग विचारा. अनंतशेठना फोन लावा. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावा."

त्याने लावला. पलीकडून आधी ढोल ऐकू आले, मग अनंतशेठ. धोंडूने दोन वाक्यांत सांगितलं. मग अनंतशेठ माझ्याशी बोलला. आवाज अगदी गोड. "दिगूभाऊ, अहो काय हे? साहेब यायची वेळ झाली. आप्पा इथे शेजारीच बसलेत माझ्या. थोड्या वेळात तिकीट जाहीर होतंय. घरात लग्न असताना आपणच मांडवाला काडी लावायची का?"

आप्पा शेजारीच बसलेत. म्हणजे ते ऐकत होते. मी क्षणभर वाट पाहिली. ते 'दिगू, परत ये' म्हणतील, किंवा 'दिगू, जा' म्हणतील. ते काहीच बोलले नाहीत.

"शेठ," मी म्हटलं, "तुम्ही रस्ता सोडायला सांगा. नसेल सांगायचं तर आम्ही तिरडी इथेच देवळासमोर ठेवतो आणि बसतो. सभेला मुंबईचे पत्रकार आलेत, त्यांना मी फोन करतो. साहेबांचं हेलिकॉप्टर मैदानाऐवजी इथल्या कातळावर उतरवा. त्यांनाही दाखवू तुमचा मांडव."

पलीकडे नुसता ढोल वाजत राहिला.

"आणि एक," मी म्हटलं, "अडवणाऱ्यांची नावं मी नवीन कायद्याच्या तक्रारीत घालणार आहे. धोंडूशेठचं पहिलं. दुसरं तुमचं, त्याचे भाऊ म्हणून नाही, फोनवर अडवायची परवानगी देणारे म्हणून."

"धोंड्या," अनंतशेठचा आवाज आता गोड नव्हता, "जाऊ दे त्यांना. उद्या बघतो."

धोंडू हलला. त्याच्या मागचे एकेक करून बाजूला झाले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा हात नकळत कपाळाकडे गेला, तिरडीला नमस्कार करायला. शेजारच्याने पाहिलं तसा त्याने त्याच हाताने घाम पुसला.

मथुराकाकी मागून ओरडल्या, "राम बोलो भाई राम!" आजपर्यंत बायका स्मशानात गेल्या नव्हत्या त्या गावात. काकी गेल्या, वनिता गेली, पार्वतीकाकूही गेल्या. महेंद्रने अग्नी दिला. लाकडं कोरडी होती, चांगली पेटली. सभेचे लाउडस्पीकर खाडीपलीकडून ऐकू येत होते. शब्द नाही, पण टाळ्या कळत होत्या. एकदा खूप मोठ्या टाळ्या झाल्या. उस्मानभाई म्हणाला, "झालं वाटतं आप्पांचं."

मी मान हलवली. मला त्या टाळ्यांनी आनंद झाला, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. विकास दलाच्या कार्यालयात संयुक्त पत्रकार परिषद, तालुकाध्यक्षाने हजर राहावं. कशासाठी ते सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. बायको म्हणाली, "चांगला शर्ट घाला. हाकलून देणार असतील तर दिसायला तरी नीट दिसा."

हॉल भरला होता. टेबलामागे मधोमध अनंतशेठ, शेजारी आप्पा. आप्पांच्या अंगात तोच नवा सदरा होता, एका दिवसात मळलेला. मी भिंतीशी उभा राहिलो. दारात मथुराकाकी आणि उस्मानभाई.

अनंतशेठ सुरुवातीला युतीबद्दल, विकासाबद्दल बोलला. मग म्हणाला, "काल काही लोकांनी एका दुःखद घटनेचं राजकारण केलं. आमच्या गावाच्या परंपरेचा अपमान केला. बाहेरची माणसं घुसवली. आमच्या पक्षाची मागणी आहे की लोकमोर्चाने आपल्या तालुकाध्यक्षावर कारवाई करावी. आप्पांनी ती मान्य केली आहे. ते आता जाहीर करतील."

आप्पा उठले. टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि समोर कॅमेऱ्यांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"दिगंबर पाष्टे," ते म्हणाले. पूर्ण नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "काल कुणाला विचारून गेलास?"

"तुम्हाला विचारलं होतं."

"मी काय सांगितलं?"

"आज नको म्हणालात."

"तरी गेलास."

"तरी गेलो."

"पुन्हा असा प्रसंग आला तर?"

सगळे वळून बघत होते. मला उत्तर शोधावं लागलं नाही. "पुन्हा जाईन. तेव्हा विचारणारही नाही."

अनंतशेठने पत्रकारांकडे हात पसरले, जणू काही 'बघा, आता काय राहिलं' म्हणत.

आप्पांनी मान डोलावली. "शिस्तभंग झालेला आहे," ते म्हणाले. "पक्षाचा जिल्हाध्यक्ष म्हणून मला कारवाई करणं भाग आहे. जिल्हाध्यक्षाने दोन वर्षांपूर्वी एका लेकीला शब्द दिला होता, पक्ष तुझ्या पाठीशी आहे म्हणून. काल तिच्या दारात मयत पडलं आणि जिल्हाध्यक्ष नवा सदरा घालून सभेला बसला. शेजारी फोनवर तिरडी अडवल्याचं कानांनी ऐकलं आणि गप्प राहिला. पक्षाचा शब्द मोडला तो त्याने. त्या जिल्हाध्यक्षाचं तिकीट मी परत करतो आहे."

हॉलमध्ये आधी काही कळलंच नाही कुणाला. मग एकदम खुर्च्या सरकल्या. अनंतशेठ म्हणाला, "आप्पा, बसा. तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"मला काल बरं वाटत नव्हतं," आप्पा म्हणाले. "आज ठीक आहे."

एका पत्रकाराने ओरडून विचारलं, "म्हणजे युती तुटली का?"

"मुंबईत असेल ती. मला माहीत नाही. या तालुक्यात, या जिल्ह्यात जो पक्ष माणसाला वाळीत टाकणाऱ्यांना शेजारी बसवतो त्याच्याशी लोकमोर्चाची युती नाही."

"ही तुमची वैयक्तिक भूमिका की पक्षाची?"

आप्पांनी ते उत्तर दिलं जे पुढे जिल्हाभर गाजलं, आणि ज्याच्यावरून आमची टिंगलही झाली. "पक्षाची मुंबईतली भूमिका मुंबईला विचारा. कोकणातली ही आहे."

ते टेबलामागून बाहेर आले. भिंतीशी येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील. ते नुसते म्हणाले, "पाचेरण्याला चल. मला भेटायला जायचंय."

त्या दिवशी ते भुवडांच्या ओटीवर बसले. वनिता समोर उभी. आप्पा हात जोडायला लागले तशी ती मागे सरली. "हात नका जोडू," म्हणाली. "माझ्या मामंजींनी तुमच्यासाठी काल दुपारपर्यंत वाट बघितली असं मी समजन. पण मी अजून हाय. मला परत फॉर्म भरायचाय. तेव्हा तुम्ही असाल का, तेवढं सांगा."

"असेन," आप्पा म्हणाले.

"बघू," वनिता म्हणाली, आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

पुढे काय झालं ते फार सुखाचं नाही. मुंबईने आमची सगळी जिल्हा शाखा बरखास्त केली. तिकीट विकास दलाच्या माणसाला गेलं. आप्पा अपक्ष उभे राहिले. गाड्या नव्हत्या, हार नव्हते, उस्मानभाईचा टेम्पो तेवढा होता. प्रचाराला गेलो की कुणी पाणी द्यायचं, कुणी कुत्रं सोडायचं. पाचेरण्यात आम्ही वाटेवर उभे राहून बोललो. समोर रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना बंद दारं. आप्पा बंद दारांना उद्देशून नीट, पूर्ण भाषण करायचे. मी म्हटलं, "आप्पा, कुणी नाहीये ऐकायला." ते म्हणाले, "शेवटच्या रांगेतली म्हातारी दाराआड असते कधी कधी."

आमच्या तक्रारीवर गुन्हा नोंदला गेला. खटला अजून चालू आहे असं म्हणण्याइतकाच चालू आहे. वनिताने पुढच्या वेळी फॉर्म भरला. ती पुन्हा पडली. त्याच्या पुढच्या वेळी नाही पडली. आप्पा तोवर नव्हते. पण दुसऱ्या वेळी ते तिचा फॉर्म भरायला काठी टेकत तहसीलपर्यंत आले होते, हे मी स्वतः पाहिलंय.

मतमोजणीचा दिवस मात्र मला आजही लख्ख आठवतो. आप्पा पडणार हे पहिल्या फेरीतच कळलं. आमचे प्रतिनिधी एकेक करून घरी निघून गेले. बाहेर विकास दलाचा गुलाल उडायला लागला. अनंतशेठच्या गळ्यात इतके हार होते की त्याचं तोंड दिसेना. आप्पा मंडपाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. मला म्हणाले, "बाकी राहू दे. पाचेरण्याच्या केंद्राचा आकडा तेवढा बघून ये."

मी आत गेलो. भुवडांच्या घरात आता मतदार तीन उरले होते: पार्वतीकाकू, महेंद्र आणि वनिता. गावकीने मतदानाच्या आधी देवळात सगळ्यांना उभं करून शपथ घातली होती, त्यामुळे आकडा काय असणार हे मी धरूनच चाललो होतो. यंत्राचा आकडा वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. अधिकाऱ्याने वैतागून पुन्हा वाचून दाखवला.

मी धावत बाहेर आलो. "आप्पा," म्हटलं, "एकसष्ट."

त्यांनी वर बघितलं. एकदा, दोनदा ओठ हलवून तो आकडा स्वतःशीच म्हणून पाहिला.

"आप्पा, एकसष्ट! घरातली तीन सोडली तर अठ्ठावन्न. गावातली अठ्ठावन्न माणसं शपथ मोडून... कोण असतील ही? मी लावतो शोध. वनिताला विचारतो, महेंद्रला—"

"दिगू," आप्पांनी माझा हात घट्ट धरला. गुलाल त्यांच्या सदऱ्यावर उडून आला होता, तो त्यांनी झटकला नाही. डोळे भरलेले होते पण चेहरा हसत होता, निवडून आलेल्या माणसाचा असावा तसा. "अजिबात शोध लावू नकोस. आपण त्यांना शोधू शकलो, तर गावकीही शोधील."